बेसिनचं पाणी हळू उतरतंय? पावडर ओतण्याआधी बॉटल ट्रॅप उघडा

बेसिन एका रात्रीत तुंबत नाही. आधी साबणाचा फेस जरा जास्त वेळ रेंगाळतो, मग दाढीचे केस कडेला चिकटून राहायला लागतात, आणि एक दिवस दात घासून होईतो बेसिन अर्धं भरलेलं असतं. या टप्प्यावर बहुतेक घरांत दुकानातून ड्रेन साफ करायच्या पावडरचं पाकीट येतं. आमचं सांगणं असं की ते पाकीट आणू नका. बेसिनखाली बादली लावा आणि बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा बाटलीसारखा, पाणी साठवणारा भाग, उघडा. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याला प्लंबर लागत नाही, आणि अडलेला गाळ आणखी पुढे ढकलला न जाता बाहेर निघतो.

गोव्यात याला आणखी एक कारण आहे. पणजी, मडगाव, वास्को इथले मलनिस्सारण वाहिनीला जोडलेले भाग सोडले, तर बहुतेक घरांचं सांडपाणी स्वतःच्याच आवारातल्या सोक पिटात, म्हणजे शोषखड्ड्यात, मुरतं. पुष्कळ घरांची विहीर त्याच आवारात असते. बेसिनमध्ये जे ओताल ते लांब कुठे जात नाही, आपल्याच मातीत उतरतं.

अडलंय कुठे, ते आधी ठरवा

बेसिनला बूच लावून चार-पाच लिटर पाणी भरा आणि एकदम सोडा. चांगल्या चालणाऱ्या बेसिनमध्ये मध्यभागी भोवरा पडतो आणि पाणी पंधरा-वीस सेकंदांत उतरतं. अर्धा मिनिट लागला तर साफसफाईची वेळ झाली. मिनिटाच्या वर गेलं तर आजच हात घाला, कारण अशा बेसिनला पूर्ण तुंबायला केसांचा एक पुंजका पुरतो.

पाणी उतरत असताना न्हाणीतल्या जाळीकडेही लक्ष ठेवा. फक्त बेसिन हळू असेल आणि न्हाणीचं पाणी झटपट जात असेल, तर अडथळा जाळी, कपलिंग (बेसिनच्या भोकात बसवलेला भाग), बॉटल ट्रॅप किंवा भिंतीतला पाइप यांपैकी कुठेतरी आहे. बेसिन सोडल्यावर न्हाणीच्या जाळीतून पाणी वर येत असेल, तर दोघांच्या पुढची लाइन अडली आहे. स्वयंपाकघराची मोरी, न्हाणी, बेसिन सगळंच संथ झालं असेल, तर बाहेरचा चेंबर किंवा सोक पीट बघायला हवं. अशा वेळी बेसिनखाली कितीही खटपट केली तरी फरक पडणार नाही.

आवाजही ऐका. पाणी संपताना घटघट असा आवाज नेहमीच थोडा येतो. पण पाणी सोडल्या सोडल्या गुडगुड सुरू होत असेल आणि बुडबुडे वर येत असतील, तर पाइपमध्ये हवा अडकते आहे. त्याचा इलाज वेगळा आहे, तो पुढे दिला आहे.

काय काय लागेल

एक रुंद बादली, मग, जुने कपडे, रबरी हातमोजे, जुना टूथब्रश, बाटली घासायचा लांब दांड्याचा ब्रश आणि टॉर्च. केस ओढायला दातेरी प्लॅस्टिकची लांब पट्टी मिळते, ती आणा. नसेल तर जाडसर तारेचं टोक पक्कडीने वळवून बारीक आकडा करा. भिंतीतल्या पाइपसाठी पाच-सहा मिलिमीटर जाडीची, तीनेक मीटर लांबीची ड्रेन स्प्रिंग, म्हणजे पाइपमध्ये फिरवत घालायची लवचीक तार, बेसिनला पुरते. नट फार घट्ट असतील तर पान्हा लागेल. बॉटल ट्रॅपच्या वायसरांचा एक सेट आधीच आणून ठेवा. जुनं रबर उघडल्यावर परत नीट बसेलच असं नाही, आणि नेमकं रविवारी दुपारी हार्डवेअरचं दुकान बंद असतं.

सामान घेताना माप सांगा: घरगुती बेसिनचं कपलिंग आणि बॉटल ट्रॅप साधारण ३२ मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा इंची असतं. जुना भाग खिशात घालून नेला तर सगळ्यात उत्तम. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या नटांचे आटे एकमेकांत बसत नाहीत, असं सर्रास होतं.

आधी वरून: जाळी आणि कपलिंग

बेसिनच्या भोकात बसवलेला, खालून नटाने आवळलेला जो भाग असतो ते वेस्ट कपलिंग. त्याच्या वरच्या आडव्या दांड्यांत पहिले केस अडकतात. त्यांच्यावर टूथपेस्ट बसते, त्यावर साबण, आणि मग तो गोळा आपला आपणच वाढत जातो. टॉर्च मारून बघा. दातेरी पट्टी किंवा तारेचा आकडा आत घाला, गोल फिरवा आणि सावकाश वर ओढा. घाईने ओढलं की केस तुटतात आणि अर्धा पुंजका आतच राहतो.

दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की उघडं होणारं पॉप-अप असेल, तर त्याची टोपी हाताने उलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवून सुटते. टोपी ओली आणि बुळबुळीत असते म्हणून रबरी हातमोजा घालूनच फिरवा. खालची दांडी काढून टूथब्रशने घासा. हे पॉप-अप दिसायला छान, पण टोपी उघडल्यावर मधली फट फार थोडी राहते. लांब केसांची दोन-तीन माणसं एकच बेसिन वापरत असतील, तर पॉप-अप काढून साधी उघडी जाळी बसवणं आम्हाला जास्त पटतं.

बेसिनच्या वरच्या कडेजवळ ओव्हरफ्लोचं भोक असेल तर तेही विसरू नका. त्यातून आलेलं पाणी कपलिंगच्या बाजूच्या खाचेतून खाली उतरतं. ती खाच काळ्या चिकट्याने बंद झाली की बेसिनला कुबट वास मारतो आणि भरलेल्या बेसिनमधून हवा वर यायला वाट उरत नाही. बाटलीच्या ब्रशने वरून घासा, मग मगभर कोमट साबणपाणी त्या भोकातच ओता.

कपलिंग बदलायची वेळ आलीच तर एवढं लक्षात ठेवा: ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनला हाफ थ्रेड (बाजूला खाच असलेलं) कपलिंग, ओव्हरफ्लो नसलेल्याला फुल थ्रेड (खाच नसलेलं). उलट बसवलं तर पहिल्या प्रकारात ओव्हरफ्लोचं पाणी जायला जागाच राहत नाही, आणि दुसऱ्यात कपलिंगच्या खाचेतून नटाजवळ गळती सुरू होते. नव्या बेसिनखालची न थांबणारी गळती पुष्कळदा एवढ्यावरूनच असते.

बॉटल ट्रॅप

खरा गाळ असतो तो इथे. बॉटल ट्रॅपच्या आत मधोमध एक नळी खाली उतरते, तिचं टोक खालच्या पेल्यातल्या पाण्यात बुडालेलं असतं. त्या पाण्यामुळे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. पण पाणी पेल्यात शिरून वळताना तिथे त्याचा वेग मरतो आणि जड वस्तू तळाशी बसतात. समुद्रावरून आल्यावर हातातून गेलेली वाळू, बागेतली तांबडी माती, टूथपेस्टमधली भुकटी, कधी मळसूत्रासकट कर्णफूल. वर साबणाचा थर, आणि त्याला बांधून ठेवणारे केस.

उघडण्याआधी बेसिनमध्ये साचलेलं सगळं पाणी मगाने काढून बादलीत घ्या. हे केलं नाही तर पेला सुटताक्षणी ते सारं पाणी तुमच्या मांडीवर येईल. मग ती बादली रिकामी करून बरोबर ट्रॅपखाली लावा. बेसिनखालच्या कपाटात काम असेल तर आतलं सामान बाहेर काढा आणि खाली जुना कपडा पसरा.

एका हाताने ट्रॅपचं वरचं अंग घट्ट धरा. दुसऱ्या हाताने खालचा पेला फिरवा. खालून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशा. वरचं अंग धरणं महत्त्वाचं आहे, नाहीतर पेल्याबरोबर अख्खा ट्रॅप फिरतो, भिंतीतला जोड ढिला होतो आणि कपलिंगचं रबर सरकतं. साफसफाईनंतर भिंतीपाशी जी ओल दिसते ती बहुधा यामुळेच.

प्लॅस्टिकचा पेला हातानेच सुटतो. क्रोम केलेला पितळी पेला समुद्रकाठच्या गावांत मात्र हट्ट धरतो: खाऱ्या हवेने आट्यांवर हिरवी पूड धरते आणि नट जाम होतो. त्यावर गंजनाशक स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा, किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा तासभर गुंडाळून ठेवा. मग पेल्याभोवती जाड कपडा लपेटून पान्ह्याने हळूहळू फिरवा. पान्ह्याचे दात थेट क्रोमवर लागले की तिथून पापुद्रे सुटतात. पितळ आतून खाऊन पातळ झालं असेल तर दाबाने पेला फुटतोही. तो तसाही वर्षभरात गळलाच असता, नवीन घ्या. कळंगुट, कोलवा, मोरजी अशा किनाऱ्यालगतच्या भागांत, कपाटाच्या आत दिसणार नसेल तर चांगल्या जाडीचा प्लॅस्टिकचा बॉटल ट्रॅपच घ्यावा. त्याला खाऱ्या हवेचं भय नाही.

पेला सुटला की आतला काळा गाळ बादलीत ओता. पेला बाहेरच्या नळावर धुवा. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण हात सवयीने वर जातो, त्याच बेसिनचा नळ सुटतो आणि पाणी उघड्या ट्रॅपमधून थेट जमिनीवर येतं. बादलीतला गाळसुद्धा न्हाणीत ओतू नका. केस आणि घट्ट गाळ कचऱ्यात टाका, वरचं पाणी बाहेर झाडापाशी.

आता मधली नळी बघा. तिच्या आतल्या बाजूला साबणाचा पांढरा-करडा थर जमलेला असतो, कधी इतका की ३२ मिलिमीटरच्या नळीत बोट शिरत नाही. विहिरीचं किंवा बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्या घरांत हा थर लवकर वाढतो, कारण पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतो. बाटलीच्या ब्रशने तो घासून काढा. हटत नसेल तर प्लॅस्टिकचा ट्रॅप अख्खा सोडवून कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि व्हिनेगर यांत रात्रभर बुडवून ठेवा. पितळी असेल तर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवू नका, अर्धा तास पुरे.

ट्रॅप निघालेलाच आहे तर एक चाचणी इथेच उरका. कपलिंगखाली बादली ठेवून वरून मगभर पाणी ओता. धो धो आलं तर कपलिंग साफ आहे. धार बारीक असेल तर अजून वरच काहीतरी अडलं आहे, पुन्हा आकडा घाला.

भिंतीतला पाइप

ट्रॅपमधून निघणारी आडवी नळी भिंतीत शिरते तिथे एक चकती बसवलेली असते. ती पुढे सरकवा आणि नळी हलक्या हाताने बाहेर ओढा. आत रबरी रिंग असते. काही ठिकाणी पांढऱ्या सिमेंटने जोड भरलेला असतो, तो ठोकून फोडू नका. जुन्या चिऱ्याच्या भिंतीत पाइपभोवतालचा गिलावा पोकळ असतो आणि हादऱ्याने सगळाच सुटतो. सिमेंट असेल तर नळीचा ट्रॅपकडचा नट सोडवून तिथूनच पुढचं काम करा.

बागेच्या पाइपचा हातभर तुकडा भिंतीतल्या पाइपमध्ये सारा, दुसऱ्या टोकाला नरसाळं लावा आणि लिटरभर पाणी हळूहळू ओता. पाणी गेलं तर लाइन मोकळी. उलटं बाहेर आलं तर आत अडथळा आहे. घरातल्या कुणाला तरी न्हाणीच्या जाळीपाशी उभं करा. पाणी तिथे पोचतंय का आणि किती वेळाने, यावरून अडथळा किती पुढे आहे याचा अंदाज येतो.

मग स्प्रिंग घाला. अडलं की जोर करू नका. मूठ फिरवत फिरवत पुढे सरकवा, आणि नेहमी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. उलटी फिरवली तर टोकाला अडकलेले केस सुटून आतच राहतात. मऊ काहीतरी लागलं की आठ-दहा वेढे द्या आणि बाहेर ओढा. टोकाला जे येईल ते पुसा, पुन्हा घाला. स्प्रिंग स्वच्छ येईपर्यंत हे करायचं. टणक, न हलणारं काही लागलं तर तो बहुधा पाइपचा बाक असतो; तिथे स्प्रिंग फिरवत वळवावी लागते, ठोसत राहिलात तर जुना जोड सुटेल.

नळी परत बसवण्याआधी तिची लांबी तपासा. ही चूक फार घरांत असते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही: नळी भिंतीत गरजेपेक्षा जास्त आत ढकललेली असते, तिचं तोंड आतल्या बाकाच्या समोरच्या बाजूला जवळजवळ टेकतं, आणि पाण्याला बारीकशी फट उरते. अशा बेसिनला पहिल्या दिवसापासूनच पाणी हळू जातं. आत चार-पाच सेंटिमीटर नळी शिरली तरी पुरे. जास्त असेल तर करवतीने कापा, कडा कानसने गुळगुळीत करा. खरबरीत कडेवर केस अडकतात.

सगळं साफ, तरीही पाणी हळू

बॉटल ट्रॅपऐवजी अकॉर्डियनसारख्या घड्यांचा लवचीक पाइप लावला असेल, तर त्याच्या प्रत्येक घडीत गाळ बसतो आणि तो आतून नीट घासता येत नाही. त्यावर वेळ घालवू नका, नवा पाइप घ्या. बसवताना तो एकच वळण घेऊन जाईल एवढाच लांब ठेवा. लांब पाइप खाली लोंबून दोन वळणं झाली की दोन्ही वळणांत पाणी आणि मधे हवा अडकते.

हवेची हीच अडचण दोन ट्रॅप एकापुढे एक आल्यावरही होते. बेसिनला बॉटल ट्रॅप आहे, आणि त्याचा पाइप पुढे नहाणी ट्रॅपमधल्या, म्हणजे न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधल्या, पाण्याखाली उघडतो, तर दोन्हीकडच्या पाण्यामधली हवा कोंडते. ती दबून वर बुडबुडे सोडते आणि पाणी थांबत थांबत जातं. नहाणी ट्रॅपची जाळी आणि आतली कटोरी काढून बेसिनचा पाइप कुठे उघडतो ते बघा. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर ठीक. पाण्याखाली असेल तर प्लंबरकडून ते वर उचलून घ्यावं. ते शक्य नसेल तर बॉटल ट्रॅप काढून त्या जागी साधा बाक लावता येतो, कारण गटाराचा वास अडवायला नहाणी ट्रॅपमधलं पाणी आहेच. मात्र मग बेसिन ते न्हाणी एवढ्या पाइपमधला वास बेसिनमध्ये येऊ शकतो, म्हणून तो पाइप महिन्या-दोन महिन्यांनी धुवावा लागेल.

नहाणी ट्रॅपची कटोरी काढलीच आहे तर धुऊन टाका, आणि आठवणीने परत ठेवा. बाजूला काढून ठेवलेली कटोरी तशीच राहते आणि दुसऱ्या दिवसापासून न्हाणीत झुरळं दिसायला लागतात.

उताराचा दोषही असतो. भिंतीतल्या आडव्या पाइपला मीटरमागे दोन ते अडीच सेंटिमीटर उतार हवा. जुन्या घरात नंतर बांधलेल्या न्हाणीत जमिनीची उंची पुरत नाही, मग पाइप सपाट टाकला जातो. तो दर दोन-तीन महिन्यांनी भरणारच. फरशी फोडायची नसेल तर स्प्रिंग घरात कायम ठेवा.

परत जोडणी

प्रत्येक नटाआधी त्याचं रबर बघा. चपटं, कडक, चिरलेलं असेल तर बदला. उतरत्या आकाराच्या वायसरची निमुळती बाजू जोडाच्या आत जायला हवी. बॉटल ट्रॅपच्या नटांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नसते, तिथे पाणी रबर अडवतं. टेप लागते ती आट्यांतूनच पाणी अडवायचं असेल तिथे, आणि तीही आट्यांच्या दिशेने पाच-सहा वेढे. जाड टेपमुळे नट तिरका चढतो आणि नेमकी तिथूनच गळती लागते.

नट हाताने बसेल तेवढा आवळा, वर पाव फेरा. प्लॅस्टिकचा नट त्यापुढे आवळला की दोन-चार दिवसांनी चिरतो, त्याच वेळी नाही, म्हणून कारण लक्षात येत नाही. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा, कारण नळाच्या बारीक धारेत गळती दिसत नाही. प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवा. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा.

पंप, पावडर आणि बाकीचे उपाय

रबरी पंप चांगलं साधन आहे, पण तो नीट मारायला हवा. ओव्हरफ्लोच्या भोकात ओला कपडा कोंबा, नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो. बेसिनमध्ये पाच-सात सेंटिमीटर पाणी ठेवा, पंप भोकावर पूर्ण बसवा, दहा-पंधरा वेळा वर-खाली करा आणि शेवटी झटक्यात वर ओढा. गाळ बाहेर येतो तो ओढण्याने. नुसता दाबत राहिलात तर तो पुढे जाऊन भिंतीतल्या पाइपमध्ये घट्ट बसतो.

ड्रेनच्या पावडरमध्ये मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो चरबी आणि केस विरघळवतो, हे खरं. पण साचलेल्या पाण्यात टाकला की पातळ होऊन निम्मा वाया जातो, आणि पाणी पुरेसं नसेल तर ट्रॅपमध्येच दगडासारखा गोठतो. मग ट्रॅप कापून काढावा लागतो. पाण्याशी मिळताना तो इतका तापतो की प्लॅस्टिकचे जोड मऊ पडतात. सेप्टिक टाकीतले मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात. आणि एकदा पावडर टाकली की नंतर कुणीही ट्रॅप उघडला तर तेच पाणी त्याच्या हातावर आणि डोळ्यांत जाऊ शकतं. प्लंबरला बोलावलंत तर आधी काय टाकलं आहे ते पहिल्यांदा सांगा. डोळ्यात थेंब गेला तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

कॉस्टिकवर संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीच ओतू नका, जोरात उकळून उसळतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. नुसतं अ‍ॅसिडही केसांवर काही काम करत नाही, पितळी ट्रॅपचं क्रोम मात्र दोन-तीन वेळांत उडवतं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस बघायला जोरदार असतो. पण दोघं एकमेकांना मारून उरतं ते जवळजवळ खारं पाणी. वास थोडा कमी होतो, गाळ हलत नाही. उकळतं पाणी थेट ओतू नका: साधा पीव्हीसी पाइप साठ अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागतो आणि गार बेसिनला एकदम चटका बसला तर तडा जाऊ शकतो. एक भाग उकळत्या पाण्यात दोन भाग नळाचं पाणी मिसळा, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन चमचे घाला. गोठलेलं तेल सोडवायला एवढं पुरतं.

तेलाचा प्रश्न हिवाळ्यात जास्त जाणवतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गोव्यात पारा २० च्या जवळ येतो. डोक्याला तेल लावलेले हात, हुमण-भात जेवून धुतलेले हात, हे सगळं भिंतीतल्या गार पाइपला जाऊन चिकटतं. जेवणघराजवळच्या बेसिनवर हात धुणार असाल तर बोटांची शितं आणि काटे ताटातच झटका, आणि जाळीवर स्टीलची बारीक गाळणी ठेवा.

पावसाळा आणि बंद घर

जुलै-ऑगस्टमध्ये संततधार लागली की भूजल वर येतं, सोक पीट त्याच पाण्याने भरतं आणि घरातली प्रत्येक जाळी संथ होते. अशा वेळी ट्रॅप उघडून काही निघणार नाही. बाहेरच्या चेंबरचं झाकण सरकवून बघा: पाणी पाइपच्या तोंडाच्या वर उभं असेल तर अडचण पुढे आहे. झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, काडी-विडी पेटवू नका आणि सेप्टिक टाकीत स्वतः उतरू नका, कुणाला उतरवूही नका. विषारी वायूने माणसं क्षणात बेशुद्ध होतात. अशी टाकी संरक्षक साधनांशिवाय माणसाला आत उतरवून साफ करून घेणं, हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसायचा टँकर बोलवा. पावसाचं पत्र्यावरून आणि अंगणातून येणारं पाणी त्याच सोक पिटात जात असेल, तर ते आधी वेगळं काढा. त्याने बराच फरक पडतो. चेंबरजवळ माड किंवा केळी असतील तर जुन्या भाजक्या मातीच्या पाइपच्या जोडांत त्यांची मुळं शिरलेली असतात. तिथे स्प्रिंग चालत नाही, तेवढा पाइप बदलावाच लागतो.

वर्षभर बंद असलेलं गावचं घर चवथीला उघडलं की बेसिनला वास येतो आणि पाणीही अडतं. ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं, गाळ वाळून पापडासारखा चिकटलेला असतो. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी वर सांगितलेलं गरम साबणपाणी ओतून रात्रभर राहू द्या, सकाळी पेला उघडून धुवा. परत जाताना प्रत्येक जाळीत मगभर स्वच्छ पाणी आणि वर दोन चमचे सूर्यफुलाचं तेल सोडा. तेलाचा थर पाण्याला उडू देत नाही. खोबरेल वापरू नका.